वाफसा

आपल्या मुलीचं, मैथिलीचं, नाव शाळेतून काढून घ्यायला हेमंत डोंगरवार गेला, तेव्हा मुख्याध्यापिकांनी त्याला पडद्यावर एक आलेख दाखवला. नागपुरातल्या बऱ्याच खाजगी शाळांनी तोवर वर्गांत कॅमेरे बसवले होते. मूल फळ्याकडे किती वेळ बघतं, खिडकीकडे किती वेळ, पापण्यांची उघडझाप कशी होते, यावरून ते कॅमेरे रोज प्रत्येकाचा एक लक्षांक काढत. इतर मुलांच्या रेघा थोड्या वर, थोड्या खाली अशा चालल्या होत्या. मैथिलीची रेघ तळाशी होती आणि उन्हाळ्यातल्या नदीपात्रासारखी सपाट होती.

"मुलगी हुशार आहे," बाई म्हणाल्या, "पण ती इथे नसतेच."

"मग कुठे असते?" हेमंतने विचारलं. बाईंना तो टोमणा वाटला. त्याला मात्र खरंच जाणून घ्यायचं होतं.

मैथिली आठ वर्षांची होती. एखादी गोष्ट बघायला लागली की ती बघतच राही. दुधावर साय धरताना, पंख्याची सावली छतावर फिरताना, मुंग्या साखरेचा दाणा ओढून नेताना तिचा घास हातातच राहायचा. हाक मारली तर ऐकू यायची नाही. परत आली की लांबच्या गावाहून आल्यासारखी थोडी दमलेली, थोडी खूश दिसायची. कुठे गेली होतीस, असं विचारलं तर तिला सांगता यायचं नाही.

नाव काढायचं कारण म्हणजे तिच्या आईची बदली. सुनीती मत्स्य विभागात अधिकारी होती, आणि तिला भंडाऱ्याच्या पुढे, जंगलाच्या कडेला असलेल्या कवडसीच्या तलावावरचं मत्स्यबीज केंद्र मिळालं. हेमंत नकाशे काढायचा. उपग्रहांनी पाठवलेल्या चित्रांवरून रस्ते, नाले, हद्दी आखायच्या, हे काम कुठूनही होण्यासारखं होतं. कवडसीपासून शाळा मात्र लांब होती. घरी शिकवायला तोवर सरकारची आडकाठी राहिली नव्हती. मुलाची नोंद करायची आणि पुढे दहावीला बाहेरून बसवायचं, एवढंच. नवरा-बायकोने दोन-तीन रविवार बोलून काढले आणि ठरवलं, मैथिलीला घरीच शिकवायचं. शिकवणार हेमंत.

तलावाच्या बांधाला लागून केंद्राचं बैठं घर होतं. हेमंतने पुढच्या खोलीची शाळा केली. भिंतीवर फळा लावला, शेजारी वेळापत्रक डकवलं, तासांसाठी एक पितळी घंटा आणली. पहिल्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून फळ्यापाशी उभा राहिला. मैथिलीने त्याला "सर" म्हटलं. तो हसला, पण तिने ते गमतीत म्हटलं नव्हतं.

काही आठवड्यांतच घरात धुसफुस सुरू झाली. खिडकीबाहेर तलाव होता. सकाळी त्यावरून धुकं उठायचं, बगळे उतरायचे, वाऱ्याने पाण्यावर सुरकुत्या पडायच्या, आणि मैथिली भागाकार अर्धा सोडून तिकडे निघून जायची. हेमंत हाक मारायचा, मग घंटा वाजवायचा, मग ओरडायचा. एका दुपारी सुनीती चिखलाच्या पायांनी केंद्रावरून परतली, तर एका खोलीत मुलगी उशीत तोंड खुपसून पडलेली आणि दुसऱ्या खोलीत बाप फळा पुसत बसलेला. फळ्यावर काहीच नव्हतं, तरी तो पुसत होता.

गावात पोस्टासमोर शबाना शेख यांची बेकरी होती. त्यांच्या दोन्ही मुली घरीच शिकल्या होत्या आणि आता मोठ्या होऊन बाहेरगावी गेल्या होत्या. पाव आणायला गेलेल्या हेमंतने न राहवून त्यांच्याजवळ सगळं बोलून टाकलं. टोस्ट पिशवीत भरता भरता शबानाताईंनी ऐकून घेतलं.

"आधी तिच्या अंगातून शाळा उतरू द्या, भाऊ," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्याही. तुमच्यात तर ती जास्त मुरली असेल."

त्यांनी सांगितलं की सुरुवातीचे काही महिने काहीच शिकवू नका. खाऊ द्या, हिंडू द्या, कंटाळू द्या. ती कशापाशी थांबते तेवढं बघा. त्यांची थोरली शाळा सोडल्यावर कितीतरी दिवस नुसती पीठ मळत बसायची. मग एक दिवस तिने विचारलं, हे फुगतं कशानं? तिथून तिचं शिक्षण सुरू झालं.

हेमंतने घंटा उतरवली. त्यानंतरचा काळ त्या घराला पुढे नेहमी आठवत राहिला. सकाळी बापलेक बांधावर जाऊन बसायचे. हेमंतच्या मांडीवर त्याचं काम, मैथिलीच्या मांडीवर काहीच नाही. केंद्राच्या टाक्यांत बोटुकली वाढत होती, म्हणजे बोटाएवढी झालेली माशांची पिल्लं. मैथिली टाकीच्या कठड्यावर हनुवटी टेकून त्यांच्याकडे बघत राहायची. पाच-पन्नास पिल्लं एकदम वळतात ती कुणाच्या सांगण्यावरून, असं तिने एकदा विचारलं. संध्याकाळी सुनीतीने सांगितलं की माशाच्या अंगावर एक रेघ असते, तिला शेजारच्याची हालचाल पाण्यातून जाणवते. मैथिलीने आपल्या कुशीवरून हात फिरवून बघितला.

पण हेमंतला आतून भीती वाटतच होती. अमरावतीहून त्याचा भाऊ दर रविवारी फोन करायचा. भावाच्या मुलाला, मैथिलीच्याच वयाच्या, दशांश अपूर्णांक यायला लागले होते. भाऊ वाईट बोलत नसे, नुसतं सांगे. फोन ठेवल्यावर हेमंत बांधावर बसलेल्या मैथिलीकडे बघायचा, आणि ते धुकं तिचे दिवस एकेक करून नेतंय असं त्याला वाटायचं. सातचा पाढा तिला अजून येत नव्हता. किती प्रकारे शिकवला, तरी दुसऱ्या दिवशी पाटी कोरी.

डॉ. रेणुका तांबोळी ही सुनीतीची कॉलेजच्या वसतिगृहातली मैत्रीण. ती पुण्यात मेंदूवर संशोधन करायची. गणपतीत ती चार दिवस कवडसीला राहायला आली, आणि बांधावर चहा घेताना तिने आपल्या कामाचं सांगितलं.

मेंदू सतत शिकत असतो असं आपण धरून चालतो, पण तसं नसतं. मेंदूच्या आत हिप्पोकॅम्पस नावाची एक छोटी, वळलेली गुंडाळी असते. नवं जे काही आठवणीत जायचं, ते तिच्यातून जातं, आणि तिचं दार बहुतेक वेळ लोटलेलं असतं. माणसाला कशाचं तरी कुतूहल वाटलं की मेंदूच्या तळाशी असलेल्या काही पेशी डोपामीन नावाचं रसायन सोडतात. ते या गुंडाळीपर्यंत पोचतं आणि काही मिनिटं दार सताड उघडं राहतं. गंमत अशी, की त्या मिनिटांत आत जाणारी गोष्ट कुतूहलाचीच असावी लागत नाही. मूल फुलपाखरात रमलेलं असताना शेजारी कुणी एखाद्या शहराचं नाव उच्चारलं, तर फुलपाखराच्या मागोमाग ते नावही आत जातं आणि राहतं.

एवढं आधीपासून ठाऊक होतं. रेणुकाच्या गटाने शोधून काढलं होतं ते असं, की दार उघडल्याची खूण बाहेरून ओळखता येते. डोक्यावर जाणवणाऱ्या विजेच्या लहरींची एक ठरावीक लय, नाडीतला किंचितसा बदल आणि कातडीवरचा न दिसणारा ओलावा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की समजायचं. केसांत लावायच्या एका मऊ पट्ट्यात तिने हे मोजणारी साधनं बसवली होती. पट्टा एका दिव्याला कळवायचा. दिवा लागला की दार उघडं.

यंत्राचं नाव तिने वाफसा ठेवलं होतं. पाऊस पडून गेल्यावर जमीन चिखलही राहत नाही आणि कोरडीही झालेली नसते, हातात घेतली तर माती मोकळी सुटते. पेरायची वेळ तीच. रेणुका शेतकऱ्याच्या घरातली होती. तिला दुसरं नाव सुचलंच नव्हतं.

"आणि दिवा लागलेला नसेल तेव्हा?" सुनीतीने विचारलं.

"तेव्हा काही करायचं नाही. खेळू द्यायचं. कोरड्यात बी टाकून काय उपयोग?"

दोघांना ते पटलं. घंटा नाही, ओरडणं नाही, दिवसातून काही मिनिटं शिकवलं की झालं. यंत्र वापरून बघायला रेणुकाला घरी शिकणारी मुलं हवीच होती. तिने मैथिलीलाही नीट विचारलं. मैथिलीने राखाडी पट्टा हातात फिरवून बघितला, तो सुरवंटासारखा आहे म्हणाली, आणि स्वतःच केसांत लावला.

दिवा लिंबाएवढा होता. तो पहिल्यांदा लागला तेव्हा त्याचा उजेड हळदीच्या पाण्यासारखा मेजावर पसरला. मैथिली खिडकीपाशी उभी होती. गजांमध्ये कोळी आपलं फाटलेलं जाळं जोडत होता आणि प्रत्येक धाग्यावर दवाचे थेंब अडकले होते. हेमंत तिच्या मागे जाऊन बसला. त्याला जरा वेड्यासारखंच वाटत होतं. हलक्या आवाजात त्याने सातचा पाढा म्हटला. तिने मागे वळूनही बघितलं नाही. कोळी वरून खाली आला, पुन्हा वर गेला. थोड्या वेळाने दिवा मावळला.

दुसऱ्या दिवशी दात घासताना मैथिली एकदम म्हणाली, "सात आठे छप्पन्न." आणि हे आपल्याला कुठून आलं, अशा नजरेने तिने आरशात बघितलं.

मग दिवस भराभर गेले. नद्या, राजधान्या, इंग्रजी शब्दांची स्पेलिंग, अपूर्णांक, हाडांची नावं, सगळं त्या हळदी उजेडातून आत गेलं आणि तिथेच राहिलं. दिव्याजवळ बसून राहायला नको म्हणून रेणुकाने हेमंतला मनगटावर बांधायची एक पट्टी पाठवली. दार उघडलं की ती थरथरायची. मैथिली कुठेही असो, टाकीपाशी, बांधावर, पेरूच्या झाडाखाली, हेमंत हातातलं काम टाकून चवड्यांवर चालत जायचा आणि तिच्या पाठीशी बसून हळू आवाजात सांगायला लागायचा.

त्याला स्वतःला हा काळ स्वप्नासारखा वाटला. मुलगी कशाने थबकते हे त्याला कळायला लागलं होतं. हलणारं पाणी. लांबट सावल्या. ज्यांचा अर्थ कळत नाही असे शब्द. लांबून, भिंतीपलीकडूनही, तिच्या आत काहीतरी उजळलं की त्याचं मनगट थरथरायचं. कुणाच्याही इतकं जवळ आपण कधी गेलो नव्हतो, असं त्याने एकदा सुनीतीला सांगितलं. यात खोटं काहीच नव्हतं.

पण वाट बघणं त्याला हळूहळू जमेनासं झालं. दिवा आपोआप लागायची वाट कशाला बघायची? त्याने खिडकीत लोलक टांगला, भिंतीवर रंग पडायला लागले. लोहचुंबक आणला, लोखंडाचा कीस आणला, साबणाच्या पाण्याचे पडदे केले. प्रत्येक वेळी दिवा लागला आणि प्रत्येक वेळी त्याच्याकडे धडा तयार होता. रविवारी भावाचा फोन आला की तो मैथिलीला जवळ बोलवायचा आणि राजधान्या म्हणायला लावायचा. पलीकडे भाऊ गप्प व्हायचा. त्या गप्प होण्याची हेमंतला गोडी लागली.

एका संध्याकाळी सुनीती दारात उभी राहून बघत होती. हेमंतने काचेच्या पेल्यात निळ्या शाईचा थेंब सोडला. शाई पाण्यात धुरासारखी उलगडत खाली गेली. मैथिली पुढे झुकली, दिवा लागला, आणि हेमंतचे ओठ उघडले.

मैथिली झोपायला गेल्यावर सुनीती म्हणाली, "आमच्याकडे रोज असंच चालतं. आधी पाण्यात दाणे टाकायचे. मासे वर आले की जाळं."

हेमंतला ते लागलं. ती शिकतेय की नाही, एवढंच सांग, असं तो म्हणाला. शिकतेय, सुनीती म्हणाली आणि शाईचा पेला धुवायला घेऊन गेली.

हिवाळा लागला तसं मनगट थंडावलं. आधी दिवसातून अनेकदा थरथरायचं, मग एकदा-दोनदा, मग दिवसच्या दिवस काही नाही. हेमंतला वाटलं पट्टा बिघडला. रेणुकाने पुण्याहून तपासून सांगितलं, यंत्र ठीक आहे. त्याने नवा लोलक आणला, सूक्ष्मदर्शक आणला. मैथिली त्यातून बघायची, छान आहे म्हणायची आणि बाजूला व्हायची.

एरवी ती फार शहाण्यासारखी वागायला लागली होती. पहिल्या हाकेला ओ द्यायची. ताटातलं वेळेवर संपवायची. नागपूरच्या बाईंनी बघितलं असतं तर मुलगी सुधारली म्हणून त्यांना आनंद झाला असता. पहिल्यांदा सुनीतीच्या ध्यानात आलं. वेणी घालताना तिने हेमंतला हळूच सांगितलं, "ही आता कुठे जातच नाही रे."

डिसेंबरात हिमालय ओलांडून पट्टकादंब आले. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले ते हंस दरवर्षी कवडसीच्या तलावावर उतरायचे, आणि ते येतात त्या सकाळी सगळं गाव बांधावर जमायचं. शबानाताईही बेकरी बंद करून आल्या होत्या. धुकं इतकं दाट होतं की पाणी कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. आधी नुसते आवाज आले, उंचावरून, कुणीतरी एकमेकांना हाका मारत यावं तसे. मग धुक्यातून एक रांग खाली आली, तिच्यामागे दुसरी, आणि पंख न हलवता ते पक्षी पाण्यावर टेकत गेले. हेमंतच्या अंगावर काटा आला. त्याने नकळत मनगटाकडे बघितलं. ते निपचित होतं.

मैथिली त्याच्या शेजारी मान खाली घालून आपल्या चपलांकडे बघत उभी होती. तिचे ओठ हलत होते. हेमंत वाकला आणि त्याने ऐकलं. ती सातचा पाढा म्हणत होती.

"मैथू, वर बघ ना," तो म्हणाला. "किती सुंदर आहेत."

"नको."

"का गं?"

तिने थोडा विचार केला. "मी बघितलं की तुझ्या हाताला कळतं. मग तू येतोस."

"मी आलेलं आवडत नाही तुला?"

"तू आवडतोस," मैथिली म्हणाली. "पण तू आलास की ते जातं. म्हणून मी आधीच घालवते. सातचा पाढा म्हटला की लगेच जातं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. चूल कशी विझवायची ते सांगावं, तसं ती सांगत होती. वर पक्ष्यांची आणखी एक रांग येत होती. हेमंतने मनगटावरची पट्टी सोडली आणि खिशात टाकली, पण मैथिलीने मान वर केली नाही. पट्टा अजून तिच्या केसांत होता. त्याने तो हलक्या हाताने काढून घेतला, तेव्हा त्यात अडकलेला तिचा एक केस तुटला आणि ती किंचित शहारली.

त्याच दुपारी त्याने रेणुकाला फोन करून सगळं सांगितलं. मग तिने सावकाश समजावलं. कशामागून काय येतं, हे शिकणं मेंदूचं सगळ्यात जुनं काम आहे. आश्चर्यामागून दर वेळी धडा आला, तर मेंदू आश्चर्यालाच धड्याची चाहूल समजतो आणि त्या वाटेला जायचं टाळतो. दार बाहेरून उघडं दिसतंय म्हणून आपण आत सामान टाकत गेलो, आणि आतल्या माणसाने दाराला कडी घातली.

"मुलांना किती आठवतं ते आम्ही मोजलं," रेणुका म्हणाली. "त्यांना पुन्हा काही बघावंसं वाटतं का, हे मोजायचं सुचलंच नाही."

"परत येईल ते?"

"बहुतेक येईल. पण आलं की नाही हे बघायला दिवा लावावा लागेल. आणि दिवा आहे हे तिला माहीत असेपर्यंत ते यायचं नाही."

"मग मला कळणार कसं?"

"नाही कळणार, हेमंत."

ज्या इतर घरांत यंत्र दिलं होतं त्यांना आजच थांबायला सांगते, असं म्हणून तिने फोन ठेवला.

हेमंतने दिवा, पट्टा आणि मनगटाची पट्टी खोक्यात भरली. मैथिली दारात उभी राहून बघत होती. त्याने तिला जवळ बसवून सांगितलं की त्याचं चुकलं, आणि हे आता परत जाणार. सुनीती म्हणाली, पुढे काय करायचं ते तिलाच विचारू. भंडाऱ्याला वसतिगृह असलेली शाळा होती, ती बघू या का? की घरीच शिकायचं?

मैथिलीने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "घरीच," ती म्हणाली. मग बापाला म्हणाली, "तू शिकव. पण बघू नकोस."

हेमंतला ते फार अवघड गेलं. त्याच्या डोळ्यांना सवय लागली होती. मैथिली अंगणात थबकली की त्याची मान आपोआप तिकडे वळायची, आणि तो ती ओढून परत आणायचा. त्याने आपलं मेज भिंतीकडे तोंड करून मांडलं. लोलक काढून ठेवला. सकाळी थोडं गणित, थोडं वाचन, बस. आता ती इतर मुलांसारखी शिकत होती, शिकायची, विसरायची, पुन्हा शिकायची. भावाचा फोन आला की हेमंत पिकापाण्याचं बोलायचा. तिच्यात काही परत आलं का, हे तो कुणाला विचारू शकत नव्हता, तिला तर नाहीच. काही संध्याकाळी सुनीती त्याच्या शेजारी येऊन बसायची आणि दोघंही मुद्दाम दुसरीकडे बघत राहायचे. घर चांगलं चाललं होतं, आणि शेजारच्या खोलीत कुणी आजारी असावं तसं शांत होतं.

हंस गेले. पळस फुलून गेला. उन्हं चढली तसं तलावाचं पाणी मागे हटायला लागलं, आणि एके दिवशी जेवताना सुनीतीने सहज म्हटलं, मे महिन्यात एवढ्याशा पाण्यात मोठे मासे जातात कुठे, ते केंद्रातल्या कुणालाच सांगता येत नाही. तळाला कुठेतरी मोठा खड्डा असणार.

हेमंतने आयुष्यभर नकाशे काढले होते, पण सगळे वरून. उपग्रहाच्या चित्रात कवडसीचा तलाव म्हणजे एक निळा डाग होता. त्याच्या पोटात काय आहे, हे कुठल्याच नकाशात नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने केंद्राचा डोंगा मागून घेतला. लाकडाची अरुंद होडी ती, दोन माणसांपुरती. दोराला दगड बांधला, हातावर मोजून दोराला गाठी मारल्या आणि सकाळभर ठिकठिकाणी दोर सोडून खोली मोजत हिंडला. एवढं करून हाताला फोड आले. तरी तो दुसऱ्या दिवशी गेला आणि तिसऱ्याही. कुणाला दाखवायचं नव्हतं, कुणाला शिकवायचं नव्हतं. पाण्याखाली एक जुना बांध होता, त्याच्या पलीकडे उतार होता. उताराच्या खाली काय असेल, या विचारात तो दाढी करायचा विसरला.

एका दुपारी तो ताटावर बसून बोटाने आमटीत उताराच्या रेघा काढत होता. सुनीतीने भात वाढू का म्हणून विचारलं. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याने दचकून मान वर केली. सुनीती हसायला लागली. कितीतरी महिन्यांनी ती अशी हसली. मैथिली मात्र हसली नाही. ताटापलीकडून ती बापाकडे एकटक बघत होती, कुणीतरी ओळखीचं अचानक परक्या गावात भेटावं तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमंत डोंगा सोडत होता, तेव्हा ती बांधावरून उतरून आली.

"मी येऊ?"

"ये की."

ती पुढच्या टोकाला, त्याच्याकडे पाठ करून बसली. हेमंतने वल्हं मारायला सुरुवात केली. पाणी काचेसारखं होतं. जुन्या बांधावरून डोंगा पुढे गेला, उतार सुरू झाला. हेमंत थांबून दोर सोडायचा, गाठी मोजायचा, कागदावर टिंब द्यायचा आणि पुन्हा वल्हं घ्यायचा. तलावाच्या मध्यापाशी, जिथे पाण्याचा रंग हिरव्याचा काळसर होत जात होता, तिथे ती म्हणाली, "थांब ना, बाबा."

हेमंतने वल्हं थांबवलं. मैथिली पाण्याकडे झुकली होती. तिचा एक हात डोंग्याच्या काठावर होता आणि दुसरा हवेत तसाच राहिला होता. तिला मासा दिसला असेल, तळातलं झाड दिसलं असेल, की नुसतं आपलं तोंड, हे त्याला मागून कळण्यासारखं नव्हतं. जरा पुढे सरकलं असतं तर कळलं असतं. त्याने वल्हं उचलून आत घेतलं, थेंब पाण्यात पडू नयेत म्हणून ते आपल्या गुडघ्यांवर आडवं धरलं, आणि तोंड फिरवून तो पलीकडच्या काठाकडे बघत बसला. पँट भिजली. वाऱ्याने डोंगा हळूहळू फिरायला लागला. समोरचं जंगल गेलं, टेकडी आली, टेकडी गेली, केंद्राचं घर आलं, आणि तेही सरकत निघून गेलं. ऊन खांद्यावर आलं. हेमंत बसून राहिला.

बऱ्याच वेळाने मागे लाकूड कुरकुरलं. मैथिली वळून त्याच्याकडे तोंड करून बसली होती. काय बघितलं ते तिने सांगितलं नाही. त्याने विचारलं नाही.

"इथे खाली किती आहे?" तिने विचारलं.

"माहीत नाही. इथे कुणी मोजलेलं नाही."

तिने दोर मागितला. हेमंतने दगड तिच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांनी पाण्यात सोडला, आणि दोर तिच्या बोटांतून, एकामागून एक गाठ, खाली जात राहिला.